मॅकडफचा सौदा

परीक्षेत शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वर प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं. शूर सेनापती, तीन चेटकिणी, कान भरणारी बायको आणि महत्त्वाकांक्षेपायी ओढवलेला सर्वनाश. पिढ्यानपिढ्या गाइडांतून हे उत्तर उतरत आलंय. ते चूक नाही, पण फार सोयीचं आहे. कुणाच्या सोयीचं, असं विचारून पाहावं. वरच्या जागेवर डोळा ठेवू नका, पायरी ओळखून राहा, हा उपदेश गादीवर बसलेल्या माणसाला नेहमीच गोड लागतो.

माझ्या मते हे नाटक महत्त्वाकांक्षेपेक्षा राज्य करण्याच्या हक्काबद्दल जास्त बोलतं. आणि त्या बोलण्याचा गाभा आहे चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात, जो प्रयोगात हमखास कात्रीत सापडतो. हवेत तरंगणारा खंजीर कुणी कापत नाही, झोपेत हात चोळणारी राणी कुणी कापत नाही. पण इंग्लंडच्या राजवाड्यासमोर दोन माणसं उभ्याउभ्या बराच वेळ बोलतात, ते ‘रटाळ’ म्हणून निम्म्यावर येतं.

आधी महत्त्वाकांक्षेचं बघू. मॅकबेथ रंगमंचावर येण्याआधी त्याची कीर्ती येते, एका जखमी सैनिकाच्या तोंडून. बंडखोर मॅकडोनवाल्डला त्याने बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला आणि त्याचं मुंडकं तटावर लावलं. हे ऐकून डंकन राजा शहारत नाही, ‘शाबास माझ्या भावा’ म्हणतो. लगेच दुसऱ्या फितूर सरदाराला, कॉडरच्या थेनला, देहदंड फर्मावून त्याचा किताब मॅकबेथला देतो. म्हणजे या राज्यात वर चढायचं ते कुणाला तरी कापून, आणि शाबासकी द्यायला खुद्द राजा बसलेला. अशा दरबारात वाढलेल्या सरदाराच्या मनात आणखी एक पायरी चढावी असं आलं, तर ते विष त्याच्या एकट्याच्या रक्तातलं म्हणता येईल का? त्याच दरबारात, मॅकबेथच्या देखत, डंकन थोरल्या मुलाला, माल्कमला, वारस नेमतो. मॅकबेथ स्वतःशी म्हणतो, ही पायरी मध्ये आली. आता एक तर अडखळून पडायचं, नाहीतर उडी मारून ओलांडायची.

ही नेमणूक वाटते तितकी साधी नाही. अकराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये बापामागून मुलगा हा नियम रुळलेला नव्हता; राजकुळाच्या निरनिराळ्या शाखांतून कर्ता पुरुष पुढे येई. नाटकात मॅकबेथ म्हाताऱ्या डंकनला, तो पाहुणा म्हणून झोपलेला असताना, मारतो. खरा डंकन म्हातारा नव्हता, आणि असा मारलाही गेला नाही. १०४० मध्ये एल्गिनजवळच्या लढाईत तो पडला आणि मॅकबेथ राजा झाला. त्याने १७ वर्षं राज्य केलं. १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे गोरगरिबांत बियाणं पेरावं तसा पैसा वाटला, अशी एका समकालीन इतिवृत्तकाराची नोंद आहे. ज्याची खुर्ची डळमळते तो राजा इतका काळ देशाबाहेर राहत नाही. शेक्सपिअरने कथानक जिथून उचललं त्या हॉलिन्शेडच्या बखरीतसुद्धा मॅकबेथ पहिली दहा वर्षं चांगला राज्यकर्ता आहे. शेक्सपिअरने ती दहा वर्षं सरळ उडवली. आणि बखरीत डंकनच्या खुनात सामील असलेल्या बँकोला, मॅकबेथच्या जोडीदार सेनापतीला, खुनातून मोकळं केलं.

का, ते तारखा पाहिल्या की कळतं. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. त्याच्या घराण्याची वंशावळ बँकोपर्यंत नेली जाई (हा बँको बहुधा सोळाव्या शतकातल्या इतिहासकाराने रचलेला, पण राजघराण्यांना पूर्वज मिळाले की चौकशी कोण करतो). शेक्सपिअरची नाटक मंडळी आता राजाच्या पदरी होती. नोव्हेंबर १६०५ मध्ये पार्लमेंटसकट राजाला दारूगोळ्याने उडवण्याचा कट उघडकीला आला आणि त्यानंतर वर्षभरात ‘मॅकबेथ’ रंगभूमीवर आलं असावं. राजहत्येचा धसका घेतलेल्या राजापुढे राजहत्येचं नाटक करायचं, तर ते कुणाच्या बाजूने असणार हे उघड होतं.

पण जेम्स हा साधा श्रोता नव्हता. राजा कसा असावा यावर त्याने स्वतः पुस्तकं लिहिली होती. १५९८ मध्ये छापलेल्या एका पुस्तकात त्याने मांडलं होतं की राजा हा ईश्वराने नेमलेला बाप. तो वाईट निघाला तरी लेकरांनी प्रार्थना करावी, रडावं, हात उचलू नये. हे कुणाला उत्तर होतं? त्याच्या स्वतःच्या गुरूला. जॉर्ज बुकॅनन हा मोठा लॅटिन पंडित आणि कडक मास्तर, लहानपणी त्याने जेम्सला शिकवलं होतं. १५७९ मध्ये त्याने पुस्तक काढलं आणि तेही याच शिष्याला अर्पण केलं. त्यात म्हटलं होतं की राजाची सत्ता लोकांकडून आलेली आहे, तो कायद्याला बांधलेला आहे, आणि जुलमी झाला तर त्याला दूर करता येतं. १५८४ मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने या पुस्तकावर बंदी आणली. गंमत अशी, की जेम्स गादीवर आला तो बुकॅननच्या तत्त्वानेच. १५६७ मध्ये सरदारांनी त्याच्या आईला, मेरी राणीला, गादी सोडायला लावली आणि १३ महिन्यांच्या जेम्सला मुकुट चढवला. ईश्वरी हक्काचा हा सगळ्यात मोठा वकील मुळात लोकांनी राजा बदलल्यामुळे राजा झालेला.

हे डोक्यात ठेवून नाटकाकडे परत येऊ. मॅकबेथच्या राज्याची कायदेशीर बाजू कशी आहे? जगाच्या दृष्टीने चोख. डंकन मेला, खून झोपलेल्या पहारेकऱ्यांवर ढकलला गेला, दोन्ही राजपुत्र पळाले म्हणून संशय त्यांच्यावर आला, आणि उरला तो जवळचा नातलग. स्कूनला रीतसर राज्याभिषेक झाला. कुणी तलवार उपसली नाही, कुणी साधी हरकतही घेतली नाही. एकटा मॅकडफ, फाइफचा सरदार, अभिषेकाला जात नाही. ‘मी फाइफला, माझ्या घरी’ एवढंच सांगतो, आणि नवे झगे जुन्यांइतके अंगाला बसतील ना, असा एक टोला मारून जातो.

बँकोची गोष्ट अधिक टोचणारी आहे. त्याला सगळं कळलंय. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तो एकटा असताना म्हणतो, तुला सगळं मिळालं, आणि मला भीती वाटते की त्यासाठी तू घाणेरडा डाव खेळलास. पण पुढचंच वाक्य स्वतःबद्दल: चेटकिणींचं तुझ्याबाबत खरं झालं, तर माझ्या वंशात राजे होतील हेही खरं का होऊ नये? तेवढ्यात मॅकबेथ येतो आणि बँको आपली निष्ठा त्याच्या पायाशी कायमची बांधली आहे असं अदबीने सांगतो. जेम्स राजाला खूश करायला त्याच्या पूर्वजाला मोकळं केलं, असं वर म्हटलं खरं. पण हे मोकळेपण नीट पाहिलं तर जेम्सला ते कितपत सुखावणारं होतं, शंकाच आहे. जुलूम उभा राहतो तो अशा बँकोंच्या गप्प बसण्यावर. ते भित्रे नसतात. त्यांचाही काहीतरी हिशोब असतो.

म्हणूनच मला वाटतं की मॅकबेथ जुलमी ठरतो तो खुनाच्या रात्री नव्हे. त्या रात्री तो खुनी ठरतो. जुलमी तो नंतर होतो, भीतीने. मेजवानीच्या प्रवेशात हे फार बारकाईने दाखवलंय. सुरुवातीला तो पाहुण्यांना म्हणतो, आपापला मान तुम्हाला ठाऊक आहे, बसा. दरबारी शिस्त, जो तो आपल्या जागी. मग रिकाम्या आसनावर, त्याने नुकत्याच मारवलेल्या बँकोचं भूत बसलेलं त्याला दिसतं, तो बरळतो, आणि शेवटी राणी पाहुण्यांना अक्षरशः हाकलते: आधी कोण नंतर कोण हे बघत बसू नका, निघा एकदम. एका प्रवेशात राज्याची सगळी घडी विस्कटते. आणि पाहुणे गेल्यावर मॅकबेथ काय सांगतो? यांच्यापैकी एकही घर नाही जिथे माझा पैसे दिलेला नोकर नाही.

पुढे बोलणंच बदलतं. लेनॉक्स हा सरदार दुसऱ्या एका सरदाराशी बोलतो ते सगळं उपरोधात: बँको उशिरा फिरायला गेला म्हणून मेला, माणसांनी उशिरा फिरू नये हो. रॉस हा आणखी एक सरदार सांगतो की देश स्वतःला ओळखायलाही घाबरतो. मयताची घंटा वाजली तरी कुणासाठी म्हणून कुणी विचारत नाही. आणि मॅकडफच्या वाड्यात त्याचा लहान मुलगा आईला विचारतो, बाबा गद्दार होते का? गद्दार म्हणजे काय? शपथ घेऊन खोटं बोलणारा, त्याला फाशी देतात, असं आई सांगते. फाशी कोण देतं? प्रामाणिक माणसं. मग ते खोटारडे मूर्खच, पोरगं म्हणतं, कारण त्यांची संख्या इतकी आहे की तेच प्रामाणिकांना पकडून लटकवू शकतील. पानभराच्या आत मारेकरी येतात. या कत्तलीने मॅकबेथला काहीही मिळणार नसतं. मॅकडफ तर इंग्लंडला निघून गेलेला असतो.

आता तो प्रवेश. मॅकडफ इंग्लंडला येतो तो माल्कमला सैन्य घेऊन परत चल म्हणायला. माल्कमला संशय: हा मॅकबेथचा माणूस तर नाही? बायकोमुलांना असं उघड्यावर टाकून कसा आला? (प्रश्न बरोबर आहे आणि मॅकडफकडे त्याचं उत्तर नाही.) म्हणून माल्कम परीक्षा घेतो. म्हणतो, मॅकबेथ परवडला असा राजा मी होईन. माझ्या वासनेला अंत नाही; तुमच्या बायका, मुली, म्हाताऱ्या, कुमारिका, काही पुरायचं नाही. यावर मॅकडफने काय म्हणावं? आधी गंभीरपणे कबूल करतो की बेबंद वासना हासुद्धा एक जुलूमच, त्यापायी अनेक राजे गादीवरून गेले. आणि मग: पण घाबरू नका. गुपचूप होऊ शकेल, जगाला डोळेझाक करायला लावता येईल. राजी असणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत.

माल्कम पुढे जातो. मी लोभीही आहे. सरदारांना मारून जमिनी घेईन, याचे दागिने, त्याचं घर, चांगल्या माणसांशी खोटी भांडणं उकरून त्यांना संपवीन. मॅकडफ म्हणतो, हे जास्त खोल मुरलेलं. लोभाने आमचे राजे मारले गेलेत. तरी काळजी नको, स्कॉटलंडमध्ये तुमचा लोभ भागवण्याइतकं तुमचं स्वतःचंच आहे. बाकीचे गुण असतील तर हे सगळं सोसता येईल.

हा सौदा वाचताना अंगावर काटा येतो तो मॅकडफ दुष्ट आहे म्हणून नाही. तो नाटकातला बहुधा सगळ्यात सरळ माणूस आहे. समोरच्या जुलमी माणसाचा इतका वीट आलाय की ‘आपल्या’ माणसाच्या बाबतीत तो एकेक गोष्ट सोडत जातो. बायकांची अब्रू? चालेल. लूट? भागवून घेऊ. आणि हे सगळं ज्यांच्या जिवावर चालवून घ्यायचं, त्या राजी असणाऱ्या बायका किंवा ज्यांची घरं जाणार ती माणसं त्या राजवाड्यासमोर हजर नसतात. मत देताना, पक्ष निवडताना, नेत्याचं समर्थन करताना आपण हेच करतो. ‘पण त्याच्यापेक्षा बरा ना’ हे वाक्य चारशे वर्षांपूर्वी मॅकडफने लांबलचक करून म्हटलंय.

तरीही एक रेघ येते जिथे तो थांबतो. माल्कम म्हणतो, बाकीचे गुण? माझ्यात एकही नाही. मग तो राजाला शोभणाऱ्या गुणांची यादी सांगतो: न्याय, सत्य, संयम, स्थैर्य, औदार्य, चिकाटी, दया, नम्रता, भक्ती, सहनशीलता, धैर्य, कणखरपणा. बारा गुण. यात कुळ नाही. रक्त नाही, वारसा नाही, अभिषेक नाही. माझ्या हातात असतं तर जगातली सगळी एकी मी नरकात ओतली असती, असं माल्कम म्हणतो आणि विचारतो, असा माणूस राज्य करायला लायक आहे का? मॅकडफचा स्फोट होतो: ‘राज्य करायला? जगायलाही नाही!’ आणि तो निघतो. देशाला आता आशा नाही म्हणत, पण निघतो.

माल्कमच्या वारसाहक्काबद्दल त्याला तीळमात्र शंका नाही. त्याच श्वासात तो त्याला गादीचा खराखुरा वंशज म्हणतो. तरी प्रजेतला एक माणूस खऱ्या वारसाच्या तोंडावर सांगतो की तू लायक नाहीस, आणि त्याला सोडून चालू लागतो. हे जेम्सचं तत्त्वज्ञान नव्हे. हा बुकॅनन आहे, जेम्सच्याच नाटक मंडळीच्या तोंडून बोलणारा. शेक्सपिअर धूर्त खरा; पुढच्याच क्षणी माल्कम सगळं मागे घेतो, परीक्षा होती म्हणतो, मी स्त्रीला स्पर्शही केलेला नाही, आयुष्यातलं माझं पहिलं खोटं ते हेच. राजाला आक्षेप घ्यायला जागा उरत नाही. पण बोललेले शब्द परत जात नाहीत. मॅकडफलाही ते जुळवून घेणं जड जातं. आवडतं आणि नावडतं एकदम समोर आलं, मेळ बसवणं कठीण आहे, एवढंच तो म्हणतो.

बखरीशी ताडून पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. हॉलिन्शेडकडेही ही परीक्षा आहे, आणि तिथे वासना आणि लोभ यांच्यानंतरचा तिसरा, मॅकडफला असह्य झालेला दुर्गुण आहे खोटेपणा, कपट. शेक्सपिअरने तो बदलून कलह आणि गुणहीनता घातली. कारण मला तरी स्पष्ट वाटतं. कपट राजाला अपात्र ठरवतं असं म्हटलं असतं तर माल्कम त्याच क्षणी नापास होता, तो तेच तर करत होता. बारा गुणांतलं दुसरं नाव सत्याचं, आणि ते तो खोटं बोलताना उच्चारतो. भोळा डंकन माणसाचा चेहरा पाहून मन ओळखता येत नाही म्हणाला आणि पुढच्याच माणसाला मिठी मारून मेला. मुलगा बापापेक्षा शहाणा निघाला. पण या शहाणपणाला नाटककाराने किंमत लावली आहे, आणि ती दाखवायचीही नाही असं ठरवलं आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं राजकारण झालं. मॅकबेथचं दुःख आतलं आहे, ‘उद्या, आणि उद्या, आणि उद्या’ म्हणणाऱ्या माणसाचं. ते स्वगत थोर आहेच. पण त्याच्या थोडं आधी हा माणूस कशासाठी झुरतो ते बघा: म्हातारपणी मान, प्रेम, आज्ञाधारकपणा, मित्रांचा मेळा असायला हवा होता, त्याऐवजी मला मोठ्याने न दिलेले पण खोलवरचे शाप आणि तोंडदेखला आदर मिळतोय. आतलं दुःख म्हणजे हेच आहे. खरं सांगणारा एक माणूस उरला नाही, आणि तो त्यानेच उरू दिला नाही.

मराठीने हे नाटक लवकर आपलंसं केलं. ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांनी त्यावरून ‘मानाजीराव’ लिहिलं. याच परांजप्यांना १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली, तेव्हा राज्य करण्याचा हक्क कुणाचा हा प्रश्न त्यांना पुस्तकी नव्हता. स्वातंत्र्यानंतर शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ आलं, त्यात दुर्गा खोटे राणी होत्या. रसिकांच्या बोलण्यात अजूनही बहुधा राणीच निघते. राणीने कान भरले म्हटलं की सरदार, दरबार, बँको, सगळे सुटतात.

बुकॅननचं पुस्तक दडपूनही संपलं नाही. जेम्सचा मुलगा चार्ल्स हे नाटक लिहिलं गेलं तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. १६४९ मध्ये त्याच्यावर खटला चालवून त्याचं डोकं उडवण्यात आलं, आणि आरोपातले शब्द होते जुलमी, गद्दार, खुनी. १६८३ मध्ये ऑक्सफर्डने बुकॅननची पुस्तकं जाळली, यावरून त्यांचा धाक अजून केवढा होता ते कळतं.

नाटकाच्या शेवटी मॅकडफ मॅकबेथचं मुंडकं घेऊन येतो, जसं पहिल्या अंकात मॅकबेथने मॅकडोनवाल्डचं तटावर लावलं होतं. माल्कम छोटंसं भाषण करतो. परागंदा झालेल्यांना परत बोलवू, जुलमाच्या हस्तकांना शोधून काढू, थेनांना, म्हणजे स्कॉटिश सरदारांना, आजपासून अर्ल म्हणू. अर्ल हा इंग्रजी किताब, आणि बरोबरचं दहा हजारांचं सैन्यही इंग्रजी. बारा गुणांपैकी एकाचाही उल्लेख नाही. राज्याभिषेकाला सगळ्यांना बोलावणं आहे, स्कूनला, जिथे मॅकबेथचाही झाला होता. माल्कमचा धाकटा भाऊ डोनाल्बेन या सैन्यात नाही, हे लेनॉक्सने एका ओळीत आधीच सांगून ठेवलंय, आणि तो का नाही हे कुणी विचारत नाही. इतिहासात १०९३ मध्ये माल्कम लढाईत मारला गेल्यावर याच भावाने माल्कमच्या मुलांना डावलून गादी घेतली. पुढच्या वर्षी माल्कमचा मुलगा डंकन बाहेरचं सैन्य आणून राजा झाला, आणि त्याच वर्षी मारला गेला.